कच्च्या पपईतील कोंबडीचा रस्सा व भात

खानदेशात शेतकऱ्याच्या अंगणात पाच-दहा गावठी कोंबड्या असणे ही नवलाची गोष्ट नाही. या कोंबड्यांची निगा बहुधा घरातील स्त्रिया ठेवतात व अंड्यांचा पैसा मीठमिरचीस, मुलांच्या वह्यापुस्तकांस उपयोगी पडतो. परंतु घरी पाहुणा आला, की जी कोंबडी हाती लागेल ती कापण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हाती लागणारी कोंबडी पुष्कळदा नियमित अंडी देणारी, माणसाळलेली असते. अंडी देणे थांबलेली जुनी कोंबडी मात्र दाणे खात अंगणात तशीच राहते. कारण विचारले असता, ‘ती शिजत नाही, मांस चिवट लागते,’ असे उत्तर मिळते. अशी कोंबडी शेवटी व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने दिली जाते. अशा रीतीने कुटुंबाचे दुहेरी नुकसान होते : अंडी देणारी कोंबडी जाते आणि जुन्या कोंबडीचे सकस मांस घरच्या मुलांच्या मुखी लागत नाही.

हे नुकसान टाळणे अवघड नाही. जुन्या कोंबडीचे मांस मऊ करणारे साधन शेतकऱ्याच्या बांधावरच उभे आहे. ते साधन म्हणजे कच्ची पपई. शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या भागांत पपईच्या बागा आहेत आणि जेथे बाग नाही, तेथेही परसात सांडपाण्यावर एखादे झाड वाढलेले आढळते. वाऱ्याने गळालेली, विरळणी करताना काढलेली किंवा उन्हाने डागाळलेली हिरवी फळे बाजारात खपत नाहीत. स्वयंपाकात मात्र ती उत्तम चालतात. या लेखात कोंबडीची निवड, कच्च्या पपईतील रस्सा, त्यासोबतचा भात आणि खाण्यातील सुरक्षितता यांची माहिती क्रमाने दिली आहे.

कोणती कोंबडी कापावी

गावठी कोंबडी वर्षास साधारणपणे ६० ते ८० अंडी देते. दुसऱ्या वर्षानंतर ही संख्या घटू लागते. अंडी देणारी व न देणारी कोंबडी ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

(१) अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा लाल, भरदार व स्पर्शास मऊ असतो. अंडी थांबलेल्या कोंबडीचा तुरा आक्रसलेला, फिकट व खरखरीत दिसतो.

(२) शेपटीखाली, अंडे बाहेर येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंस दोन टोकदार हाडे हातास लागतात. त्यांच्यामध्ये दोन किंवा अधिक बोटे मावत असल्यास कोंबडी अंड्यावर आहे असे समजावे. जेमतेम एक बोट मावत असल्यास तिची अंडी थांबलेली आहेत.

(३) खुडूक कोंबडी अंडी देत नसली तरी ती निरुपयोगी नव्हे. पिले उबवून वाढविण्याचे काम तीच करते. तसेच पिसे गळण्याच्या काळात चांगली कोंबडीही काही आठवडे अंडी देत नाही. एका दिवसाच्या तपासणीवरून निर्णय न घेता दोन-तीन आठवडे लक्ष ठेवून मगच ठरवावे.

(४) आठ ते दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरेसा होतो. त्याहून अधिक असलेले तरणे कोंबडे सर्वांत आधी खाण्यासाठी वापरावेत. त्यांचे मांसही कोवळे असते.

कोणती कोंबडी मुळीच शिजवू नये

आजारी अथवा आपोआप मेलेली कोंबडी शिजवून खाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ‘एवढी कोंबडी वाया कशाला घालवायची?’ या विचाराने केलेली काटकसर फार महागात पडते. खानदेशास याचा अनुभव आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथील कुक्कुटगृहांत बर्ड फ्लूची साथ आढळली. भारतात या रोगाची नोंद झाली ती हीच पहिली वेळ होय. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. पुढील महिन्यात, मार्च २००६ मध्ये, जळगाव जिल्ह्यातील सावद्यासह काही गावांत घरगुती कोंबड्यांतही हा रोग सापडला. रोग पसरू नये म्हणून मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. लोकांनी भीतीने कोंबडी व अंडी खाणे सोडले आणि ज्यांच्या कोंबड्या निरोगी होत्या, त्या पाळणाऱ्यांनाही त्याची झळ बसली.

या प्रसंगातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्यास, तुरा व गलोल निळसर पडल्यास, किंवा डोके व मान सुजल्यास त्या कोंबड्यांस हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ फेकू नयेत; मुलांना व कुत्र्यांना तेथून दूर ठेवावे. दुसरा धडा असा, की निरोगी कोंबडीचे मांस नीट शिजवून खाण्यात भय नाही. मांसाच्या प्रत्येक भागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे या रोगाचे विषाणू नष्ट होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. आपल्याकडील रस्सा बराच वेळ शिजत असल्याने ही अट सहज पुरी होते. मात्र मोठे तुकडे हाडापर्यंत शिजले आहेत, याची खात्री करावी.

मांस चिवट का होते व पपई काय करते

अंगणात हिंडणाऱ्या कोंबडीच्या मांड्या व पाय सतत काम करीत असतात. वय वाढते तसे स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे तंतू दाट व बळकट होत जातात. जुन्या कोंबडीचे मांस दाताला चिवट लागते ते यामुळे. हे तंतू पाण्यात मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजले, की विरघळून त्यांचा मऊ, बुळबुळीत पदार्थ बनतो व रस्स्यास दाटपणा येतो. याउलट धडाडत्या आचेवर खळखळ उकळल्यास मांसातील रस बाहेर निघून जातो, मांस आक्रसते व अधिकच कोरडे होते. जळण अधिक खर्चूनही मांस न शिजण्याचे हे मुख्य कारण आहे.

कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात ‘पेपेन’ नावाचे पाचक द्रव्य असते. ते मांसातील प्रथिने तोडते व त्यामुळे मांस लवकर मऊ पडते. फळ पिकत जाते तसा चीक कमी होतो. म्हणून या कामासाठी हिरवे, टणक फळच घ्यावे. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानात पेपेनची क्रिया सर्वांत जोराने होते आणि पाणी उकळू लागल्यावर काही वेळाने ती थांबते. यावरून एक उपयुक्त नियम निघतो : पपई लावलेले मांस एकदम उकळत्या पाण्यात न टाकता हळूहळू तापू द्यावे. पपईला काम करण्यास तेवढाच अवधी मिळतो.

पपईचे वाटण बेताने वापरणे आवश्यक आहे. ते मांसाच्या पृष्ठभागावरच काम करते. आत फारसे शिरत नाही. वाटण जास्त लावल्यास किंवा मांस रात्रभर तसेच ठेवल्यास बाहेरून लगदा होतो व आतून मांस चिवटच राहते. तुकडे बेताच्या आकाराचे करावेत, वाटण थोडे लावावे व अर्ध्या तासाहून अधिक ठेवू नये.

साहित्य

सहा माणसांकरिता पुढील प्रमाण घ्यावे. सुमारे दीड किलो वजनाच्या जिवंत कोंबडीपासून साफ केल्यावर जवळजवळ एक किलो मांस हाडांसह मिळते.

साफ केलेली गावठी कोंबडी – १ किलो
कच्च्या पपईचे वाटण – २ चहाचे चमचे
कच्च्या पपईच्या सोललेल्या फोडी – २०० ग्रॅम
कांदे – ४ मध्यम
सुके खोबरे – ५० ग्रॅम
लसूण – १२ ते १५ पाकळ्या
आले – १ इंच
कोथिंबीर – एक मूठ
हळद – अर्धा चहाचा चमचा
लाल तिखट – २ चहाचे चमचे, किंवा आवडीप्रमाणे
घरचा काळा मसाला – २ पोह्याचे चमचे
शेंगदाण्याचे तेल – ४ पोह्याचे चमचे
मीठ – अंदाजे ३ चहाचे चमचे
पाणी – दीड लिटर
तांदूळ – अर्धा किलो
लिंबू – १

कृती

(१) कापण्यापूर्वी आठ ते बारा तास कोंबडीस दाणे देऊ नयेत. पिण्याचे पाणी मात्र ठेवावे. असे केल्याने आतडी रिकामी राहतात व साफ करताना घाण मांसास लागत नाही. पित्ताची पिशवी न फोडता कलेजीपासून अलग करावी. ती फुटल्यास मांस कडू होते. कलेजी व पोटा टाकून देऊ नयेत.

(२) मांसाचे दीड ते दोन इंचांचे तुकडे करावेत. मांस धुताना नळाखाली धार सोडू नये, कारण उडालेल्या शिंतोड्यांबरोबर जंतू भांड्यांवर व भाजीवर पसरतात. पातेल्यात पाणी घेऊन हलकेच धुवावे व ते पाणी स्वयंपाकघराबाहेर टाकावे. मांसाची विळी अथवा सुरी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबीर चिरण्यास घेऊ नये.

(३) पपई सोलण्यापूर्वी हातास तेल लावावे, म्हणजे चीक झोंबत नाही. चिकाचा हात डोळ्यास लावू नये. पपईचा थोडा भाग सालीसह पाट्यावर वाटून घ्यावा. हे वाटण, हळद व एक चमचा मीठ मांसास चोळून अर्धा तास झाकून ठेवावे.

(४) तेवढ्यात तीन कांदे व खोबरे विस्तवावर किंवा तव्यावर तांबूस भाजून घ्यावे. त्यांत लसूण, आले व कोथिंबीर घालून पाट्यावर बारीक वाटावे.

(५) जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून उरलेला कांदा बारीक चिरून परतावा. त्यात मांस घालून मंद आचेवर दहा मिनिटे हलवीत राहावे. नंतर अर्धा लिटर कोमट पाणी घालून झाकण ठेवावे. झाकणावर पाणी ठेवल्यास वाफ आत राहते व मांस करपत नाही. या टप्प्यास आच वाढवू नये; मांस हळूहळू तापणे हेच येथे महत्त्वाचे आहे.

(६) पाण्यास उकळी फुटल्यावर आच आणखी कमी करावी. पृष्ठभागावर अधूनमधून बुडबुडा यावा, इतपतच आच पुरे. पऱ्हाटी व तुराट्यांचा जाळ भडकतो व लवकर विझतो; म्हणून एक-दोन जाड लाकडे घालून निखारा टिकवावा. गावठी कोंबडीस अशा रीतीने एक ते सव्वा तास लागतो. प्रेशर कुकर असल्यास पहिली शिट्टी झाल्यानंतर मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे पुरतात.

(७) दुसऱ्या भांड्यात वाटण, तिखट व काळा मसाला थोड्या तेलावर तेल सुटेपर्यंत परतावा. मांस निम्मे शिजल्यावर हा मसाला, उरलेले मीठ व एक लिटर गरम पाणी त्यात घालावे. गार पाणी घातल्यास शिजणे खोळंबते.

(८) शेवटच्या वीस मिनिटांत पपईच्या फोडी घालाव्यात. त्या दुधीभोपळ्याप्रमाणे मऊ होतात व रस्सा अंगी घेतात. त्यामुळे तेवढ्याच मांसात रस्सा अधिक जणांस पुरतो.

(९) मांडीचा सर्वांत जाड तुकडा काढून हाडापर्यंत फोडून पाहावा. मांस हाडापासून सहज सुटले, आत गुलाबी रंग राहिला नाही व पाझरणारा रस स्वच्छ असला, म्हणजे रस्सा तयार झाला असे समजावे.

बाजारातील ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते. तिला पपईचे वाटण लावण्याचे कारण नाही; लावल्यास मांसाचा लगदा होतो. तिच्यासाठी केवळ फोडी घालाव्यात व पस्तीस ते चाळीस मिनिटे शिजवावे. घरात गरोदर स्त्री असल्यास कच्ची पपई मुळीच न घालता रस्सा अधिक वेळ मंद आचेवर शिजवावा, हेच सावधपणाचे होय.

भात

खानदेशात रस्स्यासोबत ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी हे मुख्य अन्न आहे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात व नवापूरकडे भात पिकतो व तेथे रस्सा-भाताची सवय जुनीच आहे. लहान मुलांना व वृद्धांना भाकरीपेक्षा रस्सा-भात कालवून देणे सोयीचे पडते. तांदूळ दोनदा धुऊन वीस मिनिटे भिजत ठेवावेत. एका वाटीस दोन वाट्या पाणी घालून उकळी आणावी व मग मंद आचेवर झाकून शिजवावे. पाणी आटल्यावर दहा मिनिटे न ढवळता ठेवल्यास भात मोकळा होतो. पाणी जास्त घालून पेज टाकून देऊ नये. तिच्यातून जीवनसत्त्वे वाया जातात.

कोणाच्या ताटात काय

कोंबडीच्या मांसात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तांदळात ती सुमारे ७ ग्रॅम असतात. मांसातील लोह शरीरास धान्यातील लोहापेक्षा सहज मिळते आणि मांसासोबत खाल्लेल्या धान्यातील लोहही अधिक प्रमाणात शोषले जाते. लिंबू पिळल्याने यात आणखी भर पडते.

परंतु हा लाभ ज्याच्या ताटात मांस पडेल त्यालाच होतो. पुष्कळ घरी प्रथम पुरुष व पाहुणे जेवतात, नंतर मुले व सर्वांत शेवटी स्त्रिया. शेवटच्या पंगतीपर्यंत पातेल्यात तरी व हाडे एवढेच उरते. रस्स्यात चव असते, पण प्रथिने मुख्यतः तुकड्यांत असतात. केवळ तरी-भातावर मुलाचे पोट भरते, वाढ मात्र साधत नाही. यावर सोपा उपाय असा : वाढण्यापूर्वीच घरातील माणसे मोजून तुकड्यांचे तितके वाटे करावेत आणि मुलांचे व स्त्रियांचे वाटे झाकून बाजूस ठेवावेत. कलेजीत लोह विपुल असते. ती वयात येणाऱ्या मुलीस किंवा बाळंतिणीस आवर्जून द्यावी. पाहुणचारात यामुळे काही उणे पडत नाही. लहान मुलास मांस हाडापासून काढून, बारीक कुस्करून भातात कालवून द्यावे.

उरलेले अन्न

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत शिजलेले मांस व भात दोन तासांहून अधिक काळ तसेच ठेवू नयेत. भात शिजवल्यानंतरही काही जंतूंची बीजे त्यात जिवंत राहतात. ऊबदार भातात ती वाढतात व विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सकाळचा भात रात्री गरम करून खाल्ल्याने उलट्या होतात त्या यामुळे. भात लागेल तेवढाच शिजवावा. शीतकपाट असल्यास उरलेला रस्सा उथळ भांड्यांत लवकर निववून त्यात ठेवावा व खाण्यापूर्वी खळखळून उकळावा. शीतकपाट नसल्यास त्याच वेळी संपवावा किंवा शेजारी वाटावा.

अननसाचा उपयोग

पपईप्रमाणे अननसातही प्रथिने तोडणारे द्रव्य असते; त्यास ‘ब्रोमेलेन’ म्हणतात. फिलिपाईन्ससारख्या देशांत कोंबडी व अननस एकत्र शिजवून भातावर वाढतात. गोवा व कोकणात अननस पिकतो. खानदेशात तो बाजारातूनच आणावा लागतो. मिळाल्यास पपईच्या फोडींऐवजी पिकलेल्या अननसाच्या २०० ग्रॅम फोडी शेवटच्या दहा मिनिटांत घालाव्यात. अशा वेळी काळा मसाला निम्मा करावा व लिंबू वगळावे. आंबटगोड चवीमुळे मुले हा भात आवडीने खातात. मांस मऊ करण्यासाठी मात्र ताजाच अननस लागतो. डब्यातील अननस आधीच तापविलेला असल्याने त्यातील ते द्रव्य नष्ट झालेले असते. रोजच्या घरगुती स्वयंपाकास पपईच सोयीची व स्वस्त होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटतो. महिला मंडळाच्या अथवा बचत गटाच्या बैठकीत एकाच जुन्या कोंबडीचे दोन सारखे भाग करावेत. एकास पपई लावावी, दुसऱ्यास लावू नये. दोन्ही भाग सारख्या आचेवर, सारख्या वेळात शिजवून उपस्थितांना चाखावयास द्यावेत. निर्णय त्यांच्यावरच सोपवावा. त्याच बैठकीत कोंबडीच्या हाडांमधील अंतर बोटांनी मोजण्याची रीत प्रत्येक स्त्रीकडून करवून घ्यावी. साबणाने हात धुण्याची सोय प्रात्यक्षिकाच्या जागी प्रथम करावी. बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. सुधारित परसातील कोंबड्या व पपईची लागवड यांविषयी अधिक माहिती हवी असल्यास जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ममुराबाद व पाल येथील कृषि विज्ञान केंद्रांत चौकशी करता येईल. कोंबड्यांच्या रोगांसाठी मात्र पशुवैद्यकीय दवाखान्याकडेच जावे.

परसातील एक पपईचे झाड व अंगणातील डोळसपणे निवडलेली एक कोंबडी एवढ्या सामग्रीत सहा माणसांचे सकस जेवण होते, अंडी देणारी कोंबडी वाचते व जळणाचीही बचत होते. पुढच्या वेळी पाहुणा दारी आला म्हणजे हाती लागेल ती कोंबडी न धरता, आधी तिचा तुरा पाहावा व हाडे मोजावीत. घरची अंडी व मुलांच्या ताटातील घास, या दोहोंचेही रक्षण त्यातच आहे.